लहान सर्व्हरला परवाना कोणता?

हैदराबादचे दिलसुखनगर शिकवणी व संगणक प्रशिक्षण वर्गांसाठी ओळखले जाते. अशा छोट्या वर्गाने संकेतस्थळासाठी स्वतःचा सर्व्हर उभारताना यंत्राइतकाच परवान्याचाही हिशेब करावा लागतो. ‘विंडोज सर्व्हर स्टँडर्ड’चा परवाना प्रोसेसरच्या कोअरवर आकारला जातो आणि प्रत्येक सर्व्हरसाठी किमान १६ कोअरचा घ्यावा लागतो, यंत्रात चारच कोअर असले तरी सवलत नाही. त्याच सर्व्हरवर कार्यालयाच्या फायली ठेवल्यास कर्मचाऱ्यांचे परवाने वेगळे. ‘डेबियन’ या लिनक्स प्रणालीला परवाना शुल्क नाही. मात्र मोफत प्रणालीतही सुरक्षा सुधारणांची मुदत पाहावी. ‘सेंटओएस ७’ची मुदत ३० जून २०२४ रोजी संपली. संकेतस्थळ पीएचपीत असेल, तर लिनक्स पुरेसे. ते विंडोजवरच चालणारे असेल, तरच हा खर्च समर्थनीय ठरतो.