तिश्री महिन्याची चाहूल : इस्रायलमधील मराठी घरांचे सण

भाद्रपद सरत आला की इस्रायलमधील घरोघरी तिश्री महिन्याची तयारी सुरू होते. तिश्री हा यहुदी पंचांगातील महिना असून त्याच्या पहिल्या दिवशी रोश हशाना म्हणजे नववर्ष, दहाव्या दिवशी योम किप्पूर हा प्रायश्चित्ताचा कडक उपवास आणि पंधराव्या दिवसापासून सुक्कोत, म्हणजे अंगणात किंवा गच्चीवर मांडव घालून त्यात जेवण्याचा सण येतो. ढाणकी-उमरखेडकडे पोळा आटोपला की घराघरांत महालक्ष्म्यांचे वेध लागतात आणि पुण्या-मुंबईला नोकरीला गेलेली मुले पुरणपोळी, आंबील आणि सोळा भाज्यांच्या त्या एका जेवणासाठी गाडीचे आरक्षण शोधू लागतात, तशीच ओढ या दिवसांत इस्रायलमध्येही जाणवते.

हे साम्य केवळ मनाचे नाही, त्यामागे पंचांगाचे गणित आहे. यहुदी पंचांगात महिने चंद्राचे आणि वर्ष सूर्याचे असल्यामुळे, आपल्याकडील अधिक मासाप्रमाणे, तेथेही १९ वर्षांत ७ वेळा एक महिना वाढवावा लागतो, आणि दोन्हीकडचे अधिक महिने ज्या वर्षी मागेपुढे होत नाहीत त्या वर्षी सण अगदी हातात हात घालून चालतात. २०२५ साली २२ सप्टेंबरला महाराष्ट्रात घटस्थापना झाली आणि त्याच संध्याकाळी रोश हशाना सुरू झाले, कारण यहुदी दिवस सूर्यास्तापासून मोजला जातो; त्याच वर्षी ६ ऑक्टोबरला, कोजागरीच्या चांदण्यात, सुक्कोतचे मांडव उभे राहिले.

या देशात सण हा घराइतकाच राज्यव्यवस्थेचाही विषय आहे. दर शुक्रवारी सूर्यास्ताला शब्बाथ, म्हणजे साप्ताहिक विश्रांतीचा दिवस, सुरू झाला की बहुतेक शहरांतील बस थांबतात आणि दुकाने बंद होतात. योम किप्पूरच्या दिवशी तर महामार्गही ओस पडतात आणि रिकाम्या रस्त्यांवर मुले सायकली चालवतात. वसंतातील पेसाह हा सण इजिप्तच्या गुलामगिरीतून झालेल्या सुटकेचा असून त्या सात दिवसांत आंबवलेले धान्य, ज्याला खामेत्झ म्हणतात, खाणे तर सोडाच, घरात ठेवणेही निषिद्ध असते, आणि त्याच्या सार्वजनिक विक्री-प्रदर्शनावर १९८६ सालच्या कायद्याने मर्यादा घातल्यामुळे मोठ्या दुकानांत पाव आणि बिस्किटांची कपाटे कापडाने झाकलेली दिसतात.

या सार्वजनिक शिस्तीच्या आत मात्र प्रत्येक समाजाचे स्वयंपाकघर निराळे आहे, आणि त्यातील एक मराठी आहे. बेने इस्राएल हा कोकणातील यहुदी समाज; त्याच्या परंपरेनुसार पूर्वजांचे गलबत अलिबागजवळ नवगाव येथे फुटले आणि वाचलेल्या सात जोडप्यांपासून तो वाढला. तेलघाणा चालवणारे आणि शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून गावकरी त्यांना शनवार तेली म्हणत. किहीमकर, पेणकर, रोहेकर ही त्यांची आडनावे आजही गावांची नावे सांगतात. १९४८ नंतर यातील हजारो लोक इस्रायलला गेले आणि दिमोना, बेअरशेबा, अश्दोद, लोद, रमला अशा शहरांत वसले. तेथील धर्मपीठाने विवाहाच्या प्रश्नावरून त्यांच्या यहुदीपणाबद्दलच शंका घेतली तेव्हा समाजाला आंदोलन करावे लागले आणि १९६४ साली क्नेसेतने, म्हणजे इस्रायलच्या संसदेने, त्यांना सर्वार्थाने समान यहुदी मानले. ज्या लोकांनी शतकानुशतके मराठी मुलखात राहून शनिवार पाळला, त्यांना स्वतःच्या धर्मभूमीत आपले यहुदीपण सिद्ध करावे लागले, ही गोष्ट आजही बोचते.

या समाजाचे सण मराठी नावांनीच रूढ झाले होते आणि हाईम सॅम्युएल किहीमकर यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस लिहिलेल्या इतिहासात त्यांची नोंद आहे. रोश हशाना हा नव्याचा सण, योम किप्पूर हा दारे बंद करून पाळायचा दारफळणीचा सण, त्याच्या दुसऱ्या दिवशीचा शिळा सण, आणि वसंतात पौर्णिमेच्या सुमारास आपल्या होळीबरोबर येणारा पुरीम हा होळीचा सण.

नव्याच्या सणाचे खरे वैभव म्हणजे चिकाचा हलवा. उमरखेड तालुक्यातील बायका उन्हाळ्यात कुरड्यांसाठी जो गव्हाचा चीक काढतात तोच हा चीक: गहू तीन दिवस रोज पाणी बदलून भिजवायचा, वाटायचा, फडक्यातून गाळायचा आणि तळाशी बसलेला पांढरा चीक घ्यायचा. कुरड्यांसाठी तो मिठाच्या पाण्यात शिजतो, हलव्यासाठी साखर आणि नारळाच्या दुधात. मिश्रण पातेल्याच्या कडा सोडीपर्यंत एकसारखे ढवळावे लागते, म्हणून घरातील माणसे आळीपाळीने उलथने हाती घेतात, आणि शेवटी ते ताटात थापून, वर बदाम-पिस्ते पेरून, शंकरपाळ्यासारख्या वड्या पाडतात. नारळाच्या दुधाला येथे धर्मशास्त्राचेही कारण आहे, कारण कोशेर नियमांनुसार, म्हणजे यहुदी आहारशास्त्रानुसार, मांसाच्या जेवणाबरोबर गाई-म्हशीचे दूध चालत नाही, आणि सणाच्या जेवणात मटण असतेच. कोकणच्या नारळाने ही अडचण इतकी सहज सोडवली की तो नियम पाळताना कोणाला काही गमावल्यासारखे वाटले नाही.

मलिदा हा विधी तर जवळजवळ या समाजाचाच म्हणावा लागेल. धुतलेल्या पोह्यांत गूळ किंवा साखर, ओले खोबरे, वेलची आणि सुका मेवा कालवून ताट भरतात, भोवती फळे आणि गुलाबाची फुले मांडतात, प्रेषित एलियाहूचे स्मरण करणारी स्तोत्रे हिब्रूत म्हणतात आणि झाडाचे फळ, जमिनीतील पीक, सुगंध अशा प्रत्येकाचा निराळा आशीर्वाद उच्चारून मगच ते वाटले जाते. नवस फेडताना, लग्नापूर्वी, नवे घर घेतल्यावर मलिदा होतो. अलिबागजवळील खंडाळ्याच्या ज्या खडकावर एलियाहूच्या रथाची खूण असल्याची श्रद्धा आहे, तेथे भाविक आजही जातात.

पेसाहच्या रात्री कुटुंबाने एकत्र बसून हग्गादा, म्हणजे सुटकेची कथा, वाचायची असते. ही कथा हिब्रू व मराठीत १८७४ साली पुण्यात छापली गेली आणि तिच्या चित्रांतील बेखमीर भाकरी करणाऱ्या स्त्रिया लुगडी नेसलेल्या आहेत. भारतातील घरे त्या रात्री आशीर्वादासाठी द्राक्षरसाऐवजी काळ्या मनुका भिजवून केलेले सरबत वापरत. द्राक्षरस मुबलक असलेल्या इस्रायलमध्ये हे कष्ट अनावश्यक वाटतील, पण सणाची वाट पाहणे म्हणजे अशा कष्टांची वाट पाहणे होय, आणि चीक काढणाऱ्या, मनुका भिजवणाऱ्या आजीशिवाय सरकारी सुट्टीला सणाची चव येत नाही.

इस्रायलमध्ये जन्मलेली पिढी हिब्रूत बोलते. भारतात हा समाज आता काही हजारांवर आला आहे. दारफळणी आणि नव्याचा सण ही नावे सहज उच्चारणारी, हलव्याचे प्रमाण तोंडपाठ असलेली माणसे दोन्हीकडे वृद्ध झाली आहेत. पनवेल, अलिबाग, ठाणे, पुणे येथे ज्यांचे असे शेजारी किंवा स्नेही असतील त्यांनी येत्या तिश्रीत त्यांच्याकडे जाऊन हे शब्द आणि ही कृती मराठीत लिहून घ्यावी.