न सांगता गेलेल्यांची नोंद

अँड्रॉइड फोनवर फोटोचं एखादं ॲप चालू असतं, कॅमेरा उघडलेला असतो आणि ॲप मध्येच कोसळतं. माणूस चरफडतो, दुसरं ॲप उघडतो आणि कॅमेरा तिथे निमूटपणे सुरू होतो. यात कुणाला नवल वाटत नाही, पण वाटायला हवं. पहिल्या ॲपने कॅमेरा आपल्या ताब्यात घेतला होता आणि परत केलेला नव्हता. ‘माझं काम झालं’ असं म्हणायला ते शिल्लकच राहिलं नाही. मग कॅमेरा मोकळा झाला हे फोनला सांगितलं कुणी?

फोनमध्ये काय किंवा संगणकात काय, प्रत्येक ॲप आपल्या वेगळ्या कप्प्यात चालतं. या कप्प्याला प्रोसेस म्हणतात. एका प्रोसेसला दुसरीच्या मेमरीत डोकावता येत नाही. ती भिंत सुरक्षेसाठी मुद्दाम घातलेली असते. त्यामुळे कॅमेऱ्यासारखी सामाईक गोष्ट सांभाळायला एक स्वतंत्र प्रोसेस नेमावी लागते. अँड्रॉइडमध्ये तिचं नाव कॅमेरासर्व्हर. २०१६ साली आलेल्या सातव्या आवृत्तीपासून तिने वेगळं बिऱ्हाड केलं. त्याआधी तिचा संसार आवाज आणि व्हिडिओ सांभाळणाऱ्या मीडियासर्व्हरच्याच घरात होता. ॲप तिच्याकडे मागणी नोंदवतं आणि ती त्या ॲपसाठी एक ऑब्जेक्ट तयार करते. मागणारा तो क्लायंट, पुरवणारा तो सर्व्हर.

ऑब्जेक्ट तयार करणं सोपं असतं. ते मोडीत कधी काढायचं, इथे सगळा घोळ आहे. लवकर काढलं तर वापरणारा तोंडघशी पडतो. काढलंच नाही तर मेमरी अडते, बॅटरी उतरते आणि काही दिवसांनी यंत्र रडतखडत चालू लागतं.

यावरचा एक जुना उपाय मोजण्याचा. १९६० साली जॉर्ज कॉलिन्स यांनी तो मांडला: प्रत्येक वस्तूसोबत एक आकडा ठेवायचा, कुणी ती धरली की एक वाढवायचा, सोडली की एक कमी करायचा आणि शून्य झाला की वस्तू मोडायची. त्यांनी हे एकाच प्रोग्रॅमच्या पोटातल्या याद्यांसाठी सुचवलं होतं. मायक्रोसॉफ्टने १९९३ साली आणलेल्या ‘कॉम’ या व्यवस्थेने हाच आकडा प्रोसेसच्या भिंतीपलीकडे नेला. तिथे प्रत्येक ऑब्जेक्टला ‘ॲडरेफ’ आणि ‘रिलीज’ अशा दोन क्रिया असतात. घेताना पहिली, सोडताना दुसरी. नियम इतकाच, पण तो पाळताना भल्याभल्यांची दमछाक झाली आहे.

आपल्या प्रोग्रॅममधून एक्सेल चालवून अहवाल काढणाऱ्यांना याचा पुरेपूर अनुभव असतो. अहवाल तयार होतो, प्रोग्रॅम एक्सेलला ‘बंद हो’ सांगतो, पडद्यावर काहीच दिसत नाही. पण टास्क मॅनेजर उघडावा तर एक्सेल तिथे ठाण मांडून बसलेलं. बहुतेक वेळा कारण एकच. कोडमध्ये कुठेतरी एखाद्या पानाचा किंवा चौकटींच्या पट्ट्याचा धागा हातात धरलेला असतो आणि तो सोडायचा राहून जातो. आकडा एकवर अडकतो. एक्सेलच्या दृष्टीने कुणीतरी अजून काम करत आहे, आणि काम करणाऱ्याला उठवणं बरं दिसत नाही.

इथे निदान क्लायंट जिवंत तरी आहे. पुण्यातल्या एखाद्या अभ्यासिकेचा विचार केला तर खरी अडचण कुठे आहे ते कळतं. दारात वही असते, आत जाताना सही, बाहेर पडताना सही. वहीत आत कुणी उरलं नाही की रखवालदाराने दिवे मालवायचे. सगळे शहाण्यासारखे वागले तर व्यवस्था उत्तम. पण एखादा मुलगा मागच्या दाराने, सही न करताच गावाकडची एसटी पकडून गेला तर? दिवे रात्रभर जळत राहतील. त्यातही रखवालदाराच्या वहीत नावं नसून नुसता ‘आत तीन’ असा आकडा असेल, तर गेलेला तिघांतला कोण आणि किती कमी करायचे, हेसुद्धा समजणार नाही.

म्हणूनच नुसत्या आकड्याऐवजी नावांची यादी ठेवण्याचा विचार पुढे आला. पालो आल्टो इथल्या डेक कंपनीच्या संशोधन केंद्रात अँड्र्यू बिरेल, ग्रेग नेल्सन, सुझन ओविकी आणि एडवर्ड वॉबर यांनी १९९३ साली ‘नेटवर्क ऑब्जेक्ट्स’ ही रचना मांडली. तिच्यात प्रत्येक ऑब्जेक्टजवळ त्याच्या क्लायंटांची यादी असते. एकाच क्लायंटचा ‘मी धरलंय’ हा निरोप चुकून दोनदा आला तरी यादीत नाव एकदाच राहतं. आकडा मात्र दोनने वाढला असता. आणि क्लायंट मेल्याचं कळलं की नेमकं त्याचंच नाव खोडता येतं.

कळलं की! सगळी गोम या दोन शब्दांत आहे. मरणारा स्वतः येऊन सांगत नाही, तेव्हा साक्षीदार हवा.

एकाच यंत्रावर असा साक्षीदार हजर असतो: कर्नल. लष्करातला नव्हे, ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा. प्रत्येक प्रोसेस त्याच्याच हाताखाली जन्मते आणि मरते. ती कशीही मरो, शहाण्यासारखी बंद होवो, कोसळो किंवा कुणी जबरदस्तीने मारो, तिने उघडलेली प्रत्येक फाइल कर्नल स्वतः बंद करतो. ‘प्रोसेस मेली तर तिच्या फाइली बंद होणारच’ या एका हमीवर युनिक्सच्या जगातला मोठा कारभार उभा आहे.

केन थॉम्पसन यांनी १९७३ साली युनिक्समध्ये पाइप आणला, तो याच हमीवर चालतो. पाइपच्या एका टोकाने एक प्रोग्रॅम लिहितो, दुसऱ्याने दुसरा वाचतो. लिहिणारी सगळी टोकं बंद झाली की वाचणाऱ्याला ‘संपलं’ अशी खूण मिळते. शिकाऊ मुलांची ठरलेली चूक इथेच होते. वाचणाऱ्या प्रोसेसकडे जन्मतःच लिहिण्याच्या टोकाचीही एक प्रत आलेली असते आणि ती बंद करायची राहते. मग ती प्रोसेस स्वतःच्याच हातातलं टोक बंद होण्याची वाट बघत जन्मभर बसून राहते.

सर्व्हर सांभाळणाऱ्यांची डोकेदुखी वेगळी. डिस्क भरली म्हणून मोठी लॉग फाइल पुसून टाकली, यादीतून नाव गेलं, तरी जागा काही मोकळी होत नाही. फायलींची बेरीज एक सांगते, डिस्कचा हिशेब दुसरंच. पुसलं गेलं ते फक्त नाव असतं. एखाद्या प्रोसेसने ती फाइल अजून उघडी ठेवलेली असते, आणि शेवटचा धरणारा सोडत नाही तोवर युनिक्स मजकुराला हात लावत नाही. बेवारस दिसणाऱ्या या फायलीला वारस असतो, फक्त तो कुठे आहे ते शोधावं लागतं.

हीच युक्ती आजच्या लिनक्समध्ये फार सुंदर वापरली आहे. एखादं महत्त्वाचं काम चालू असताना लॅपटॉप झोपू नये असं प्रोग्रॅमला वाटलं, तर तो ‘लॉगइनडी’ या सेवेकडे तशी विनंती करतो. उत्तरादाखल सेवा त्याच्या हातात एक उघडी फाइल देते. फाइल उघडी आहे तोवर लॅपटॉप जागा. प्रोग्रॅमने ती बंद केली किंवा प्रोग्रॅमच आडवा झाला, तर बंदी उठली. वेगळा निरोप नाही, वेगळी नोंद नाही.

प्रोसेसचा क्रमांक लिहून ठेवून अधूनमधून ‘ती आहे का’ असं पाहणं हा वरकरणी सोपा मार्ग, पण त्यात सापळा आहे. लिनक्सवर या क्रमांकांची नेहमीची मर्यादा ३२,७६८ होती. तिथवर पोचलं की गणती पुन्हा मागे जाते आणि रिकामे क्रमांक नव्या प्रोसेसना मिळतात. बंद पडलेला मोबाइल नंबर काही महिन्यांनी परक्या माणसाला मिळावा आणि जुन्या मित्राच्या वाढदिवसाच्या शुभेच्छा त्याला जाव्यात, तसा प्रकार. प्रोसेसचा क्रमांक न धरता थेट प्रोसेसलाच उघड्या फाइलसारखं धरून ठेवण्याची सोय लिनक्समध्ये २०१९च्या सुमाराला आली. इतक्या उशिरा का, हा प्रश्न रास्त आहे.

अँड्रॉइडने कर्नल या साक्षीदाराला रीतसर नोकरीच दिली. त्याच्या प्रोसेस एकमेकींशी ‘बाइंडर’ नावाच्या यंत्रणेतून बोलतात. तिची मुळं बी कंपनीत. पुढे ती पामकडे गेली, आणि त्या कामातले काही अभियंते गूगलमध्ये आल्यावर तिचा नवा अवतार अँड्रॉइडमध्ये आला. बाइंडरचा मुख्य भाग कर्नलमध्येच बसतो, त्यामुळे कुणी कुणाचं काय धरलं आहे याची वही कर्नलकडेच राहते.

कॅमेऱ्याचं कोडं इथे सुटतं. कॅमेरा मागताना ॲप आपलं एक छोटं ऑब्जेक्ट कॅमेरासर्व्हरच्या स्वाधीन करतं. जणू दोरीचं एक टोक. दुसरं टोक ॲपच्या कमरेला बांधलेलं. कॅमेरासर्व्हर कर्नलला सांगून ठेवतो, ‘या दोरीचा मालक गेला तर मला कळव.’ कोडमध्ये या विनंतीचं नाव ‘लिंक टू डेथ’ असंच सडेतोड आहे. ॲप कोसळलं की कर्नल त्याच्या फायली बंद करतो. त्यात बाइंडरची फाइलही असते. ती बंद होताच बाइंडर आपली वही उघडतो आणि ज्यांनी ज्यांनी सांगून ठेवलं होतं त्यांना मृत्यूची वार्ता पोचवतो. कॅमेरा सुटतो. नकाशाच्या ॲपने पडदा जागा ठेवायला घेतलेला ‘वेकलॉक’ याच वाटेने सुटतो, आणि कोसळलेल्या ॲपपायी रात्रभर बॅटरी जळत नाही.

अर्थात कर्नल साक्ष देतो ती जगण्यामरण्याची, शहाणपणाची नव्हे. जिवंत असून भरमसाट ऑब्जेक्ट धरून ठेवणाऱ्या ॲपचं काय? पूर्वी अशा एका उधळ्या ॲपमुळे अँड्रॉइडची मुख्य सिस्टिम प्रोसेसच कोसळे आणि अख्खा फोन पुन्हा सुरू व्हायचा. आता सिस्टिम प्रत्येक ॲपच्या नावावरची ऑब्जेक्ट मोजते आणि आकडा ६,०००च्या वर गेला की त्या ॲपलाच मारते. उपाय कठोर आहे, पण एकापायी सगळ्यांचा खोळंबा होण्यापेक्षा बरा.

भिंतीच्या पलीकडे दुसरं यंत्र असलं की हा साक्षीदार हरवतो. मुंबईतल्या सर्व्हरला नागपुरातला क्लायंट दिसेनासा झाला, तर तो मेला, वीज गेली की मधली केबल तुटली, हे ठरवायला कुणीच नाही. हातात उरतं ते फक्त मौन. तिथे घड्याळाला साक्षीला बोलावतात.

१९९६ साली विंडोज एनटी ४.०सोबत आलेल्या ‘डीकॉम’ने, म्हणजे जाळ्यावर चालणाऱ्या ‘कॉम’ने, दर दोन मिनिटांनी हाक देण्याची पद्धत ठेवली. क्लायंटच्या यंत्राने १२० सेकंदांनी ‘मी आहे’ म्हणायचं. ओळीने तीन हाका चुकल्या, म्हणजे सहा मिनिटं शांततेत गेली, की सर्व्हरने त्याला गेलेला समजायचं. हजारो ऑब्जेक्ट असतील तर हाकांनीच जाळं भरून जाईल, म्हणून एका यंत्राची सगळी ऑब्जेक्ट एका गटात बांधून गटासाठी एकच हाक पाठवली जाते.

जावा भाषेतल्या ‘आरएमआय’ या दूरच्या ऑब्जेक्टशी बोलण्याच्या व्यवस्थेने भाडेकरूचा रस्ता धरला. घरमालक अकरा महिन्यांचा करार करतो आणि मुदत संपण्याआधी तो वाढवला नाही तर खोली रिकामी समजतो, तसं. इथे करार दहा मिनिटांचा, आणि निम्मी मुदत उलटली की क्लायंट तो वाढवून घेतो. मूळ कल्पना स्टॅनफर्डच्या केरी ग्रे आणि डेव्हिड चेरिटन यांनी १९८९ साली फायलींच्या प्रती जुळवून ठेवण्यासाठी मांडली होती. तिचा गुण असा की सर्व्हरला कुणाच्या मागे धावावं लागत नाही. दोष असा की जाळं दहा मिनिटांहून जास्त तुटलं तर जिवंत क्लायंटचंही ऑब्जेक्ट मोडीत निघू शकतं, आणि तो परत येतो तेव्हा ‘असं ऑब्जेक्टच नाही’ हे उत्तर त्याच्या पदरी पडतं. मुदत वाढवावी तर मेलेल्यांचा पसारा जास्त वेळ पडून राहतो. या दोहोंत सुवर्णमध्य असल्याचं सांगितलं जातं. पण तो प्रत्येक जाळ्यासाठी वेगळा निघतो.

शेवटचा क्लायंट निघून गेल्यावरही एक क्षण नाजूक असतो. आकडा शून्य झाला, सर्व्हरने आवराआवर सुरू केली आणि नेमका तेव्हाच नवा क्लायंट दारात आला तर तो कोसळत्या घरात पाऊल टाकेल. म्हणून ‘कॉम’मध्ये शून्य होताक्षणीच दार लावून घेणारी वेगळी सोय आहे. नवा पाहुणा मग नव्या प्रोसेसकडे वळवला जातो. जुनी आपल्या वेळाने आवरते.

कर्नल आणि घड्याळ दोघांनाही चकवणारा एक प्रकार मात्र उरतोच. दोन प्रोसेस एकमेकींची ऑब्जेक्ट धरून बसतात आणि दोघींनाही बाहेरचं कुणी विचारत नाही. दोघी जिवंत, म्हणून कर्नल गप्प. दोघी नेमाने करार वाढवतात, म्हणून घड्याळही समाधानी. नेटवर्क ऑब्जेक्ट्सला आणि आरएमआयला हा पीळ ओळखता येत नाही. एका बाजूने धागा सैल, म्हणजे मोजणीत न धरता, ठेवायचा हा शिरस्ता. तो पाळायचं भान लिहिणाऱ्याने ठेवायचं. फोनवर तेही राहून गेलं तरी एक रांगडा उपाय शिल्लक असतो. मेमरी कमी पडू लागली की अँड्रॉइड मागे पडलेल्या ॲपपैकी एकाला मारतं, कर्नल त्याच्या फायली बंद करतो, पलीकडच्या प्रोसेसला वार्ता जाते आणि ती हातातलं टोक सोडून देते.