कागदाचा पत्ता

‘कळंब’ हे नाव उर्दूत लिहायचे तर पहिली अडचण ‘ळ’ची. उर्दूच्या वर्णमालेत हे अक्षरच नाही, त्याच्या जागी लाम येतो. दुसरी अडचण ऱ्हस्व स्वरांची. जेर, जबर, पेश ही स्वरचिन्हे रोजच्या लिखाणात सहसा कुणी देत नाही. मग कागदावर उरतात चार अक्षरे: काफ, लाम, मीम, बे. ज्याला तालुका माहीत आहे तो ती ‘कळंब’ अशी वाचतो. ज्याला माहीत नाही तो कलंब वाचेल, किलंब वाचेल, कुलंबही वाचेल. ‘तेर’चेही तसेच. ते, ये, रे या तीन अक्षरांतून तेर, तीर, तैर यांपैकी काहीही निघते. ‘भूम’ आणि ‘भोम’ तर उर्दूत लिहिल्यावर सारखेच दिसतात.

कळंब, तेर, भूम ही गावे ज्यात आहेत, तो आजचा धाराशिव जिल्हा १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता. वरच्या कचेऱ्यांचा कारभार उर्दूत चाले आणि गावच्या दप्तरात बऱ्याच ठिकाणी मोडी असे. शेजारची बार्शी मात्र इंग्रजांच्या सोलापूर जिल्ह्यात, त्यामुळे तिथली लिपी वेगळी, सन वेगळा आणि नमुनेही वेगळे. या सरहद्दीची आठवण लोकांच्या बोलण्यातून कधीच पुसली गेली असली, तरी रेकॉर्ड रूमच्या फडताळात ती अजून जशीच्या तशी आहे.

सप्टेंबर २०२३ मध्ये निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली आणि मराठवाड्यातले हे बस्ते एकदम सुटले. मराठा समाजातील ज्यांच्या पूर्वजांची नोंद ‘कुणबी’ अशी आहे, त्यांच्या नोंदी शोधायच्या होत्या. त्यासाठी खासरा पत्रक, पाहणी पत्रक, कुळ नोंदवही, १९५१ ची राष्ट्रीय नागरिक नोंदवही, शाळेचा प्रवेश-निर्गम उतारा, जन्म-मृत्यूचा गाव नमुना १४, खरेदीखते, दत्तकपत्रे, कच्च्या कैद्यांची नोंदवही, वक्फचे मुंतखब असे सगळे बाहेर काढण्यात आले. मोडी वाचणारे आणि उर्दू-फारसी जाणणारे शोधून आणले गेले. ऑक्टोबरअखेर पावणेदोन कोटींच्या आसपास कागद तपासून झाले होते आणि त्यांत ११,५३० नोंदी हाती लागल्या होत्या. म्हणजे सुमारे दीड हजार कागद उलटावेत तेव्हा एक नोंद. नोव्हेंबरच्या सुरुवातीला धाराशिवात आरक्षणासाठी लागणाऱ्या कुणबी प्रमाणपत्रांचे वाटपही सुरू झाले. सापडलेले कागद स्कॅन झाले आणि जिल्ह्यांच्या संकेतस्थळांवर त्यांच्या याद्या आल्या.

हे काम मोठे होते आणि ज्यांनी डोळे ताणून ते केले त्यांच्याविषयी मला मनापासून आदर आहे. पण विज्ञानाच्या अंगाने पाहिले, तर इथे एका अफाट दप्तराला एकच प्रश्न विचारला गेला. उद्या कुणी विचारील की परांड्याच्या कोणत्या गावांत दुष्काळात शेतसारा माफ झाला होता. कुणी विचारील की १९५० च्या हैदराबाद कूळ कायद्यानंतर तुळजापूर तालुक्यात किती कुळांची नावे लागली. तेव्हा पुन्हा पहिल्या पानापासून सुरुवात करावी लागेल का? याचे उत्तर स्कॅनरकडे नाही. ते कागदाच्या वर्णनात आहे.

स्कॅन म्हणजे नेमके काय, ते एकदा पाहू. ए-फोर आकाराचे पान ३०० डीपीआयने स्कॅन केले की सुमारे २,४८० गुणिले ३,५०८, म्हणजे ८७ लाख ठिपके तयार होतात. प्रत्येक ठिपक्याच्या रंगासाठी तीन बाइट धरले, तर एका पानाचे २ कोटी ६० लाख बाइट झाले. एवढ्या ऐवजात ‘कळंब’ हा शब्द कुठेही नसतो. तिथे असतात ते फक्त काळे-करडे ठिपके. संगणकाच्या लेखी ते पान आणि भिंतीचा फोटो यांत फरक नाही. याउलट गाव, तालुका, सन, दस्तऐवजाचा प्रकार, भाषा, लिपी आणि बस्ता क्रमांक एवढे शब्दांत टिपले, तर जेमतेम एक हजार बाइट लागतात. हा हजार बाइटांचा ऐवज म्हणजे मेटाडेटा. अडीच कोटींचे पान त्याच्या जोरावर सापडते.

मराठी माणसाला मेटाडेटा शिकवावा लागत नाही, कारण तो सातबारा वाचत मोठा झालेला असतो. सातबाराच्या माथ्यावर गाव, तालुका, जिल्हा आणि गट क्रमांक छापलेले असतात. जमीन त्या कागदावर नाही, पण त्या चार शब्दांवरून ती गाठता येते. तलाठ्याच्या दप्तरातले १ ते २१ क्रमांकांचे गाव नमुने तर आयती वर्गवारीच आहेत. नमुना ६ म्हणजे फेरफार, ८-अ म्हणजे खातेदाराचे खाते, जुन्या दप्तरातला १४ म्हणजे जन्म-मृत्यू. ग्रंथालयशास्त्रात जिला नियंत्रित शब्दसंग्रह म्हणतात, ती गोष्ट हीच. सगळ्यांनी एका गोष्टीला एकच नाव द्यायचे. एकाने ‘फेरफार’, दुसऱ्याने ‘म्युटेशन’ आणि तिसऱ्याने ‘वारस नोंद’ असा टॅग लावला, तर तिघांचे कागद तीन कप्प्यांत जातात. मग एका कप्प्यात शोधणाऱ्याला बाकीचे दोन कप्पे आहेत हेच कळत नाही.

जगाने यासाठी मानके केली आहेत. १९९५ मध्ये अमेरिकेतील ओहायो राज्याच्या डब्लिन गावी जमलेल्या मंडळींनी ‘डब्लिन कोअर’ची पायाभरणी केली. शीर्षक, कर्ता, विषय, तारीख, भाषा, हक्क अशा पंधरा रकान्यांत जगातला कोणताही दस्तऐवज ओळखू यावा, हा त्यामागचा विचार. ग्रंथासाठी, छायाचित्रासाठी ते चालते. निजामकालीन महसुली कागदाला ते अपुरे पडते, असे माझे मत आहे आणि त्याची सुरुवात तारखेपासूनच होते.

हैदराबाद राज्यात फसली सन चाले. त्याचे महिने आझर, दै, बहमन असे सुरू होऊन आबानला संपत आणि वर्षाची सुरुवात ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात होई. फसलीत ५९० मिळवले की इसवी सन येतो, असे ठोकळ गणित सांगितले जाते. फसली १३४० म्हणजे १९३०. पण हे पहिल्या तिमाहीपुरतेच खरे. त्याच १३४० मधला आबान महिना १९३१ च्या सप्टेंबरात पडतो, म्हणजे तिथे ५९१ मिळवावे लागतात. मद्रास इलाख्यात फसली जुलैपासून सुरू होई, तर उत्तर हिंदुस्थानातल्या फसलीत मिळवायचा आकडा ५९२-५९३ असा होता. मोडी कागदावर शालिवाहन शक असेल तर ७८ किंवा ७९ मिळवायचे, जुना अरबी शुहूर सन असेल तर ५९९ किंवा ६००. स्कॅन करणाऱ्याने घाईत नुसते ‘१३४०’ टिपले, तर संगणक त्या कागदाला चौदाव्या शतकात, मुहम्मद तुघलकाच्या काळात नेऊन बसवील.

म्हणून तारखेला एक रकाना पुरत नाही, तीन लागतात. पहिल्यात कागदावर जसे आहे तसे: ‘आबान १३४० फसली’. दुसऱ्यात सनाचा प्रकार. तिसऱ्यात इसवी सनातला अदमास: ‘सप्टेंबर ते ऑक्टोबर १९३१’. महिना वाचता येत नसेल तर ‘१९३०–३१’ असा पल्ला द्यायचा. नेमकी तारीख नसताना नेमकेपणाचा आव आणला, तर ती चूक पुढच्या शंभर शोधांत वाहत जाते.

गावाच्या नावाचेही असेच करावे लागते. विसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत जिल्ह्याचे ठाणे नळदुर्गला होते. ते धाराशिवला आले, पुढे शेवटचे निजाम मीर उस्मान अली खान यांच्या नावावरून ‘उस्मानाबाद’ झाले आणि २०२३ मध्ये जिल्ह्याचे नाव अधिकृतपणे ‘धाराशिव’ झाले. उदगीरचे उदाहरण आणखी गुंतागुंतीचे. तिथला १९५० चा कागद बीदर जिल्ह्याचा, १९७० चा उस्मानाबादचा आणि १९९० चा लातूरचा, कारण १९५६ च्या राज्य पुनर्रचनेत उदगीर इकडे आले आणि १९८२ मध्ये लातूर वेगळा जिल्हा झाला. गाव जागचे हलले नाही, जिल्हा मात्र त्याच्या अंगावरून दोनदा सरकला. केंद्र सरकारची लोकल गव्हर्नमेंट डिरेक्टरी आता प्रत्येक गावाला अंकी संकेतांक देते. तो संकेतांक टॅग म्हणून लावला आणि जुनी-नवी सगळी नावे त्याला जोडली, तर ‘उस्मानाबाद’ लिहून शोधणाऱ्याला आणि ‘धाराशिव’ लिहून शोधणाऱ्याला एकच पान मिळेल. यवतमाळचे कळंबही मग आपल्या कळंबात मिसळणार नाही.

एवढी यातायात कशाला, यंत्रालाच वाचू द्या की, असे कुणी म्हणेल. हस्तलिखित ओळखणारी यंत्रणा आता खरोखर आहे. मोडीला २०१४ मध्ये युनिकोडच्या सातव्या आवृत्तीत स्वतःची जागा मिळाली, त्यामुळे मोडी मजकूर मोडीतच साठवणेही शक्य झाले. पण जरा गणित करू. यंत्र शंभरात ९५ अक्षरे बरोबर वाचते असे धरा. पाच अक्षरांचा शब्द पूर्ण बरोबर येण्याची शक्यता ०.९५ चा पाचवा घात, म्हणजे सुमारे ७७ टक्के. स्वतःचे नाव, वडिलांचे नाव आणि आडनाव मिळून पंधरा अक्षरे झाली, तर ही शक्यता ४६ टक्क्यांवर येते. निम्म्याहून अधिक माणसे आपल्या पूर्ण नावाने सापडणारच नाहीत.

यावर उपाय म्हणून ‘साधारण सारखे’ शब्दही शोधायला सांगतात. एका शब्दाचा दुसरा करायला किती अक्षरे बदलावी लागतात, ते मोजणारे अंतर रशियन गणितज्ञ व्लादिमीर लेव्हेन्श्टाइन यांनी १९६५ मध्ये मांडले. ‘कुणबी’ आणि ‘कुनबी’ यांत अंतर एक. मग एका अक्षराची सूट द्या, दोन्ही सापडतील. पण उर्दूत ‘कुनबी’ हा शब्द काफ, नून, बे, ये असा लिहितात आणि ‘कुनबा’, म्हणजे कुटुंब, हा काफ, नून, बे, हे असा. फरक फक्त शेवटच्या अक्षराचा. एका अक्षराची सूट दिली की कुटुंबाचा उल्लेख असलेला प्रत्येक कागद कुणब्यांच्या ढिगात येऊन पडेल. सूट दिली नाही, तर पुसट ‘ये’ असलेली खरी नोंद निसटेल. शोधाच्या शास्त्रात ही ओढाताण जुनीच आहे: जाळे बारीक केले की गाळ येतो, मोठे केले की मासा सुटतो. इथे त्या एका ‘ये’वर कुणाच्या तरी मुलाचा कॉलेजचा प्रवेश अडलेला असतो. यंत्राने उमेदवार पाने निवडावीत आणि शेवटचे वाचन जाणत्या माणसाने करावे, याशिवाय मला आज तरी वाट दिसत नाही.

आणखी एक गोष्ट घाईत हरवते: कागदाचा शेजारपाजार. तेरला १९५८ मध्ये पुरातत्त्व संशोधक चापेकरांनी उत्खनन केले, तेव्हा प्रत्येक खापर कोणत्या थरात मिळाले ते टिपले गेले. थर ठाऊक नसलेले खापर सुंदर असू शकते, पण त्यावरून इतिहास सांगता येत नाही. कागदालाही थर असतो. तो कोणत्या कचेरीत तयार झाला, कोणत्या बस्त्यात होता, त्याच्या आधी आणि नंतर काय होते, यावरून त्याचा अर्थ ठरतो. फ्रान्सने १८४१ मध्येच अभिलेखागारांना सांगितले होते की एका कचेरीचे कागद एकत्र ठेवा, विषयवार विस्कटू नका. आंतरराष्ट्रीय अभिलेखागार परिषदेचे १९९४ चे वर्णन-मानकही याच पायावर उभे आहे: आधी कचेरीचे वर्णन, मग मालिकेचे, मग बस्त्याचे, मग पानाचे. नोंद सापडलेले एकच पान उचलून स्कॅन केले आणि बाकीचा बस्ता पुन्हा बांधून ठेवला, तर पुढे न्यायालयात ‘हे पान इथलेच कशावरून’ असे कुणी विचारल्यावर त्या स्कॅनकडे उत्तर नसते.

कच्च्या कैद्यांच्या नोंदवहीत एखाद्याच्या आजोबांचे नाव सापडते, तेव्हा नातवाला हवी असते ती जातीची नोंद. तिथे ‘गुन्हेगार’ असा टॅग लावणे चूक आहे, कारण खटला चालायचा होता, दोष सिद्ध झालेला नव्हता. नोंदवहीचे नाव जसे आहे तसे लिहावे आणि माणसावर शिक्का मारू नये. जुन्या कागदांतले जातिवाचक अपमानास्पद शब्दही मूळ मजकुराच्या रकान्यात राहावेत, शोधाच्या टॅगमध्ये येऊ नयेत.

हे सगळे हौसेचे काम नाही. माहितीचा अधिकार कायदा, २००५ याच्या कलम ४ च्या अगदी पहिल्या पोटकलमात प्रत्येक सार्वजनिक प्राधिकरणावर अभिलेखांची सूची आणि निर्देशिका करून ठेवण्याचे बंधन आहे. मागणी येण्याची वाट न पाहता. स्कॅनिंगचे कंत्राट पानांच्या संख्येवर देतात तसे वर्णनाचे काम कुणाला, किती दिवसांत आणि किती पैशांत द्यायचे, हेही मग ठरवायला हवे. मोडी आणि उर्दू वाचणारी पिढी उताराला लागली आहे, म्हणून हे आताच करायला हवे.

सातबाराच्या रकान्यांत, फेरफाराच्या वहीत, पाहणी पत्रकाच्या कडेला एक जागा पूर्वीपासून आहे: शेरा. जे ठरलेल्या रकान्यात मावत नाही ते तिथे लिहायचे. स्कॅनच्या वर्णनातही ती जागा ठेवावी आणि वाचणाऱ्याने ती प्रामाणिकपणे भरावी. समजा, कळंब तालुक्यातल्या एका पानाच्या वर्णनात तारीख बसली, गावाचा संकेतांक बसला, बस्ता क्रमांक लागला आणि एकच शब्द अडला. तर शेऱ्यात लिहावे: ‘शेवटचे अक्षर पुसट. कुनबी किंवा कुनबा. मूळ पान पाहावे.’