खडकवासला परिसरातील पर्यटन

खडकवासला हे पुणे जिल्ह्याच्या हवेली तालुक्यातील, मुठा नदीच्या काठी वसलेले गाव आहे. ते पुणे शहराच्या मध्यभागापासून नैर्ऋत्येस सुमारे १७ किलोमीटर अंतरावर आहे. ३० जून २०२१ रोजी पुणे महानगरपालिकेत २३ गावे समाविष्ट करण्यात आली, त्यांत खडकवासल्याचाही समावेश होता. त्यामुळे प्रशासनाच्या दृष्टीने ते आज शहराचा भाग असले, तरी बोलण्यात आणि व्यवहारात त्याचा उल्लेख गाव असाच होतो. धरणाचा जलाशय, सिंहगड किल्ला, पानशेतकडे जाणारा जलाशयाकाठचा रस्ता आणि भोवतालच्या टेकड्या यांमुळे हा परिसर पुणेकरांच्या सुटीच्या दिवशीच्या सहलीचे सर्वांत जवळचे ठिकाण ठरला आहे. याच जलाशयातून पुणे शहराला पिण्याचे पाणी मिळते. सहलीची जागा आणि पिण्याच्या पाण्याचा साठा एकच असल्यामुळे उद्भवणारे प्रश्न या परिसराच्या पर्यटनापासून वेगळे काढता येत नाहीत.

धरण आणि जलाशय

खडकवासला धरण एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात, १८७९ च्या सुमारास पूर्ण झाले. भारतातील मोठ्या दगडी धरणांपैकी हे आरंभीच्या काळातील एक होय. ब्रिटिश अभियंता फाइफ याच्या नावावरून जलाशयास ‘लेक फाइफ’ म्हणत असत, परंतु हे नाव लोकांच्या तोंडी रुजले नाही. धरणापासून निघणाऱ्या मुठा कालव्यांमुळे पुण्याच्या पूर्वेकडील कमी पावसाच्या प्रदेशात सिंचन होऊ लागले, तसेच शहराला आणि लष्करी छावण्यांना पाणी मिळाले. पाण्याची पातळी ठरावीक मर्यादेपलीकडे गेली की आपोआप उघडणारे आणि पातळी उतरल्यावर पुन्हा मिटणारे दरवाजे मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांनी तयार केले. ते १९०३ मध्ये प्रथम याच धरणावर बसविण्यात आले.

१२ जुलै १९६१ रोजी सकाळी वरच्या बाजूस बांधकाम चालू असलेले पानशेत धरण फुटले. त्या पाण्याचा लोंढा खडकवासला धरणास पेलला नाही. तेही फुटले आणि पुण्याच्या नदीकाठच्या पेठा पाण्याखाली गेल्या. नंतर दोन्ही धरणे पुन्हा उभारण्यात आली. आज धरणाच्या भिंतीसमोर छायाचित्रे काढणाऱ्या तरुणांपैकी अनेकांना ही घटना घरातील वडीलधाऱ्यांच्या आठवणींतूनच ठाऊक असते.

खडकवासला धरणाचा उपयुक्त साठा १.९७ अब्ज घनफूट इतकाच आहे. वरच्या बाजूच्या वरसगाव (१२.८२), पानशेत (१०.६५) आणि टेमघर (३.७१) या धरणांच्या तुलनेत तो फारच थोडा आहे. वरच्या तिन्ही धरणांचे पाणी शेवटी येथेच येते आणि येथूनच ते कालव्यात व शहराच्या जलवाहिन्यांत सोडले जाते. साठा लहान असल्याने जोराचा पाऊस झाला की हा जलाशय लवकर भरतो आणि नदीत विसर्ग करावा लागतो. जुलै २०२४ च्या अखेरीस अशाच विसर्गानंतर सिंहगड रस्त्यालगतच्या एकतानगरी परिसरातील घरांत पाणी शिरले होते. पावसाळ्यात विसर्ग पाहण्यासाठी धरणाजवळ आणि नदीच्या पुलांवर गर्दी जमते. परंतु विसर्ग वाढविल्यावर खालच्या पात्रातील पाणी थोड्या वेळात चढते, म्हणून या काळात पात्रात उतरणे धोक्याचे असते.

चौपाटी

धरणाच्या भिंतीपलीकडे रस्ता जलाशयाच्या काठाने जातो. या भागास ‘खडकवासला चौपाटी’ म्हणतात. समुद्र येथून शंभराहून अधिक किलोमीटर दूर असला, तरी पुणेकरांनी हे नाव बिनदिक्कत स्वीकारले आहे. निखाऱ्यावर भाजलेली कणसे, कांदाभजी, उकडलेल्या शेंगा, मीठ-तिखट लावलेल्या कैऱ्या आणि पेरू, चहा असे पदार्थ विकणाऱ्या गाड्या येथे लागतात. पहिल्या पावसानंतर कणीस खात पाण्याकाठी उभे राहणे हा पुण्यातील अनेक कुटुंबांचा वर्षानुवर्षांचा नेम आहे.

शनिवारी आणि रविवारी मात्र याच रस्त्यावर वाहनांच्या लांबच लांब रांगा लागतात. पानशेत, वरसगाव आणि जलाशयाकाठच्या गावांतील लोकांना शहरात ये-जा करण्यासाठी हाच मुख्य मार्ग असल्याने दूध, भाजीपाला आणि रुग्ण यांची वाहतूक खोळंबते. पावसाळ्यात गर्दी वाढली की प्रशासन काठावर थांबण्यास मनाई करते. गाड्या काही दिवस हटतात आणि नंतर पुन्हा लागतात. या गाड्यांवर आजूबाजूच्या गावांतील अनेक कुटुंबांचा संसार चालतो, त्यामुळे केवळ मनाईने हा प्रश्न सुटलेला नाही.

बुडण्याचा धोका

जलाशयात पोहण्यास मनाई आहे, तरीही दरवर्षी बुडून मृत्यू होतात. मृतांमध्ये तरुणांचे प्रमाण मोठे असते आणि त्यांतील काहींना पोहता येत असते. याचे कारण जलाशयाच्या तळात आहे. काठाजवळ पाणी उथळ आणि शांत दिसते, परंतु तळाशी वर्षानुवर्षांचा गाळ साचला असून त्यात पाय रुतल्यास तो बाहेर काढणे कठीण जाते. जलाशयाखाली नदीचे मूळ पात्र आहे. तेथे उतार एकाएकी संपतो आणि दोन-चार पावलांत डोक्यावर पाणी येते. बुडणाऱ्याला वाचविण्यासाठी सोबतच्या व्यक्तीने उडी घेणे आणि दोघेही बुडणे, असे प्रकार अनेकदा घडतात. अशा वेळी पाण्यात न उतरता दोर, ओढणी, लांब काठी किंवा झाकण लावलेला रिकामा कॅन बुडणाऱ्याच्या दिशेने टाकणे आणि काठावरील गावकऱ्यांना हाक मारणे हाच सुरक्षित मार्ग आहे. स्थानिकांना तळाची माहिती असते.

सिंहगड

खडकवासल्याच्या पुढे डोणजे गावाजवळून सिंहगडाकडे रस्ता वळतो. समुद्रसपाटीपासून सुमारे १,३०० मीटर उंचीच्या या किल्ल्याचे जुने नाव कोंढाणा. ४ फेब्रुवारी १६७० रोजी तानाजी मालुसरे यांनी प्राणांची बाजी लावून तो स्वराज्यात आणला. तानाजींच्या मृत्यूनंतर शिवाजी महाराजांनी गडास सिंहगड नाव दिले असे परंपरेने सांगितले जाते. तथापि त्याआधीच्या पत्रांतही हे नाव आढळत असल्याचे इतिहास संशोधकांनी दाखवून दिले आहे. घोरपडीच्या साहाय्याने कडा चढल्याची कथाही इतिहासापेक्षा लोककथेचा भाग मानली जाते. गडावर तानाजींचे स्मारक, एकामागून एक असलेले पुणे दरवाजे, कल्याण दरवाजा, कोंढाणेश्वराचे मंदिर, १७०० मध्ये येथे निधन पावलेल्या छत्रपती राजाराम महाराजांची समाधी आणि लोकमान्य टिळकांचा बंगला आहे. देवटाक्याच्या पाण्याची गोडी प्रसिद्ध आहे.

गडावर जाण्याचे दोन प्रमुख मार्ग आहेत. पायथ्याच्या आतकरवाडीपासून निघणारी पायवाट साधारण एक ते दीड तासात वर पोहोचविते. पुण्यातील शेकडो लोक दर आठवड्याला व्यायाम म्हणून ती चढतात आणि त्यांत साठी-सत्तरी ओलांडलेलेही असतात. दुसरा मार्ग घाटरस्त्याचा असून त्यावरून वाहने थेट वाहनतळापर्यंत जातात. पावसाळ्यात दरडी कोसळण्याच्या भीतीने हा रस्ता वेळोवेळी बंद ठेवला जातो, म्हणून निघण्यापूर्वी चौकशी करणे आवश्यक ठरते. घाटातील कोंडी टाळण्यासाठी २०२२ मध्ये खासगी वाहनांऐवजी विजेवर चालणाऱ्या बस सुरू करण्यात आल्या, परंतु हा प्रयोग अल्पावधीतच थांबला. कात्रज घाटापासून टेकड्यांच्या धारेने सिंहगडापर्यंत येणारी भटकंती गिर्यारोहकांत लोकप्रिय आहे. ती बहुधा चांदण्या रात्री केली जाते आणि नवख्या माणसाने एकट्याने करण्याजोगी नाही.

पिठले-भाकरी, वांग्याचे भरीत, कांदाभजी आणि मडक्यातील दही यांवाचून सिंहगडाची सहल पूर्ण होत नाही. हे पदार्थ विकणारे बहुतेक जण ‘घेरा सिंहगड’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या पायथ्याच्या वाड्यांतील रहिवासी आहेत. रस्ता होण्यापूर्वी या वाड्यांतील स्त्रिया दह्याची मडकी डोक्यावर घेऊन गड चढत असत.

पक्षिनिरीक्षण

गडाच्या पायथ्याची झाडी, जिला पक्षिनिरीक्षक ‘सिंहगड व्हॅली’ म्हणतात, हिवाळ्यापासून उन्हाळ्याच्या अखेरीपर्यंत पाहण्यासारखी असते. स्वर्गीय नर्तक, हळद्या, निळ्या माशीमाऱ्यांच्या काही जाती आणि हिमालयाकडून येणारे पाहुणे पक्षी ओढ्याच्या पाण्यावर उतरतात. अलीकडे छायाचित्रणासाठी पक्ष्यांना आमिष घालण्याची आणि ध्वनिमुद्रित आवाज ऐकवून बोलावण्याची पद्धत वाढली आहे. विणीच्या काळात त्यामुळे पक्षी घरटी सोडण्याचा संभव असतो.

अन्य स्थळे

जलाशयाच्या उत्तरेकडील मोठा प्रदेश राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीकडे आहे. प्रबोधिनीची कोनशिला ६ ऑक्टोबर १९४९ रोजी पंडित जवाहरलाल नेहरू यांनी बसविली. तेथे परवानगीशिवाय प्रवेश मिळत नाही. गावातच केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन केंद्र असून १९१६ मध्ये स्थापन झालेल्या या संस्थेत धरणे व बंदरे यांच्या लहान प्रतिकृतींवर पाण्याच्या प्रवाहाचा अभ्यास केला जातो. अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांसाठी ही भेट उपयुक्त असते. पुढे सांगरूण येथे मुठा, आंबी आणि मोसे या नद्यांचा संगम आहे. त्याच परिसरातील निळकंठेश्वराच्या डोंगरावर शंकराचे मंदिर आणि पुराणकथांतील प्रसंगांचे रंगीत पुतळे आहेत.

पाण्याची शुद्धता

शेतघरे, उपाहारगृहे आणि गृहप्रकल्प वाढल्याने जलाशयाकाठच्या गावांतील सांडपाणी आणि सहलीचा कचरा पाण्यात जाण्याचे प्रमाण वाढले आहे. जानेवारी २०२५ मध्ये धरणाच्या खालच्या बाजूस नांदेड, किरकटवाडी आणि सिंहगड रस्त्याच्या परिसरात गियां-बारे सिंड्रोम या मज्जातंतूंच्या विकाराचे रुग्ण मोठ्या संख्येने आढळले. त्यामागे दूषित पाण्याचा संशय व्यक्त झाला आणि समाविष्ट गावांना शुद्धीकरण प्रकल्पातील पाणी मिळावे ही मागणी पुढे आली. शहराला पाणी देणाऱ्या धरणाच्या कुशीतील गावांनीच शुद्ध पाण्यासाठी आर्जव करावे, ही स्थिती तेव्हा सर्वांच्या लक्षात आली.

जाण्याचा मार्ग

पुण्याहून शहर बस खडकवासला आणि सिंहगड पायथ्यापर्यंत जातात. सुटीच्या दिवशी सकाळी आठच्या आत पोहोचल्यास रस्ता मोकळा मिळतो. दुपारी चारनंतर परतीच्या वाहनांमुळे धायरी फाट्यापर्यंतच्या प्रवासास बराच वेळ लागतो.