साइट उघडते, पण फाइल अपलोड होत नाही? राउटरचा एमटीयू तपासा

समजा, भंडाऱ्यात तुमचा पितळी भांड्यांचा धंदा आहे. रायपूरला जायचा माल गाडीत भरून तयार आहे, फक्त ई-वे बिल काढायचं राहिलंय. पोर्टलवर लॉगिन होतं, व्हॉट्सॲपचे मेसेजही जातात. पण फाइल अपलोड करायला घेतली की चक्र फिरतच राहतं.

"सर्व्हर डाउन असेल" म्हणून हात बांधून बसू नका. तोच कॉम्प्युटर मोबाइलच्या हॉटस्पॉटला जोडून बघा. काम झालं, तर आधी गाडी रवाना करा. मग आपल्या लाइनकडे वळू.

नेमकं होतं काय?

इंटरनेटवर माहिती पॅकेटमधून जाते. एका पॅकेटची कमाल मर्यादा म्हणजे एमटीयू. साध्या इथरनेटवर ती १५०० बाइट असते. ब्रॉडबँडचं कनेक्शन पीपीपीओईवर असेल, म्हणजे राउटरमध्ये युजरनेम-पासवर्ड टाकावा लागत असेल, तर ८ बाइट त्यातच जातात. उरतात १४९२.

आता कमी उंचीचा रेल्वे पूल डोळ्यांसमोर आणा. छोट्या गाड्या खालून आरामात जातात, उंच ट्रक अडतो. माल दोन गाड्यांत वाटता आला असता, पण पॅकेटवर "तुकडे करू नका" असा शिक्का असतो. अशा वेळी अडवणाऱ्या राउटरने "छोटं पॅकेट पाठवा" असा निरोप परत द्यायचा असतो. हीच पाथ एमटीयू डिस्कव्हरी. हा निरोप आयसीएमपीने येतो. वाटेत एखाद्या फायरवॉलने तो अडवला, की पाठवणारा तेच मोठं पॅकेट पुन्हा पुन्हा पाठवत बसतो. म्हणून छोटी पानं उघडतात आणि मोठी फाइल लटकते.

तपासायचं कसं?

विंडोजमध्ये कमांड प्रॉम्प्ट उघडा. इंग्रजी अक्षरांत आणि अंकांत टाइप करा:

पिंग -एफ -एल १४७२ १.१.१.१

१. उत्तर आलं, तर १४७२ अधिक हेडरचे २८, म्हणजे पूर्ण १५०० बाइट जाताहेत. राउटरचा एमटीयू बदलू नका, बिघाड दुसरीकडे शोधा.

२. "फ्रॅगमेंट करावं लागेल" असा मेसेज आला किंवा नुसता टाइमआउट झाला, तर आकडा कमी करत जा. १०००लाही उत्तर नसेल, तर प्रश्न एमटीयूचा नाही.

३. जो सर्वात मोठा आकडा चालेल, त्यात २८ मिळवा. १४६४ चालला, तर एमटीयू १४९२.

दुरुस्ती

राउटरचं वॅन सेटिंग उघडा. जुन्या आकड्याचा आधी फोटो काढून ठेवा. मग मिळालेला एमटीयू भरा. "एमएसएस क्लॅम्पिंग" दिसलं तर चालू करा. १४९२ साठी एमएसएस १४५२ येतो, म्हणजे ४० कमी. राउटर रीस्टार्ट करून तीच फाइल पुन्हा अपलोड करा.

दोन गोष्टी लक्षात ठेवा. "सुरक्षेसाठी" म्हणून फायरवॉलमध्ये सगळंच आयसीएमपी बंद करू नका, त्यात हा निरोपही अडकतो. आणि ऑफिसचं काम व्हीपीएनवरून करत असाल, तर व्हीपीएन स्वतःचं हेडर जोडतो. तेव्हा ऑफिसच्या सर्व्हरच्या पत्त्यावर वेगळं मोजा.

हे सगळं महिन्याच्या ११ तारखेला, जीएसटीआर-१ भरायच्या शेवटच्या दिवशी करू नका. आज दुकान बंद करण्याआधी पाच मिनिटं काढा आणि आलेला आकडा राउटरवर चिकटवून ठेवा.