चप्पल ठेव, घड्याळ बघ!

वीकेण्ड, डहाणू लोकल आणि आमची ऑफिसची गँग. चिकूच्या वाड्या, वारली चित्रं, कोसबाडची टेकडी... एकदम सॉलिड प्लॅन! टेकडीवर पोहोचलो आणि माझी मैत्रीण धाडकन पडली. हातपाय झटकायला लागले, दातखीळ बसली. फिट! आमच्यातला एमबीए चक्क चप्पल काढून तिच्या नाकाशी धरायला धावला.

त्याला अडवलं एका बालवाडीच्या बाईंनी. "अरे दादा, चप्पल ठेव. तिला कुशीवर वळवा, तोंडात काही घालू नका." दोन मिनिटांत फिट थांबली. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ १९५७ साली आदिवासी मुलांना शिकवायला कोसबाडला आल्या. त्या गावात त्या दिवशी शिकलो ते आम्ही!

परतीच्या गाडीत मैत्रिणीने सगळं सांगितलं. तिच्या एमआरआयमध्ये 'डबल कॉर्टेक्स' दिसलाय. कारण, डीसीएक्स या जीनमधला बदल.

म्हणजे काय? आईच्या पोटात मेंदू घडताना नव्या पेशी आतून निघून बाहेरच्या थरापर्यंत प्रवास करतात. पेशीला आतून सूक्ष्म नळ्यांचा सांगाडा असतो. त्याला आधार देणारं प्रथिन या जीनवरून बनतं. आधार ढिला पडला, की काही पेशी वाटेतच थांबतात. आपली डहाणू लोकल पालघरलाच अडकावी ना, तश्शा! तिथे त्यांचा दुसरा थर बनतो, जोडण्या चुकतात आणि मेंदूत मध्येच विजेचा गोंधळ उडतो.

हा जीन १९९८ मध्ये सापडला. अनेकदा हा बदल बाळात नव्यानेच होतो, आईवडिलांकडून आलेला नसतो. अर्थात, प्रत्येक फिटमागे जीनच असतो असं नाही. डोक्याला मार, मेंदूतला संसर्ग, अशी कारणंही असतात. करणी मात्र नक्कीच नाही.

"पण लग्नाचं काय, हे घरचे रोज विचारतात," ती म्हणाली. हिंदू विवाह कायद्यात वारंवार फिट येणं हे लग्न रद्द ठरवण्याचं कारण होतं. १९९९ मध्ये ते काढलं. कायदा बदलला, स्थळं बदलली नाहीत!

योग्य औषधांनी दहापैकी सात जण फिटपासून मुक्त राहू शकतात. मैत्रिणीच्या प्रकारात ते जरा अवघड. त्यात आदल्या रात्री डेडलाइनसाठी जागरण झालेलं आणि गोळी चुकलेली.

सोमवारी तिने स्वतःच टीमला सांगितलं. एमबीएने एकच प्रश्न विचारला, "पुन्हा झालं तर?"

कुशीवर वळवायचं, घड्याळ बघायचं. पाच मिनिटांच्या वर गेली, तर थेट हॉस्पिटल.