‘संप’ या संज्ञेची अर्थव्याप्ती : वैमानिकांच्या लढ्याच्या संदर्भात

श्रमिकांच्या सामूहिक कामबंदीला निरनिराळ्या भाषांनी दिलेली नावे तिची निरनिराळी अंगे दर्शवितात. इंग्रजी ‘स्ट्राइक’चा उगम, 1768 मध्ये लंडनच्या खलाशांनी जहाजांची शिडे उतरविली, त्या घटनेत मानला जातो. हिंदी ‘हडताल’, मराठीतील ‘हरताळ’, बाजार बंद होण्याकडे निर्देश करते. मराठी ‘संप’ मात्र मुळात एकीचा वाचक आहे. गुजरातीत तो अर्थ आजही रूढ आहे.

या अर्थभेदाचा प्रत्यय मुंबईस्थित जेट एअरवेजमधील लढ्यात येतो. ऑक्टोबर 2008 मध्ये कंपनीने सुमारे 1900 कर्मचाऱ्यांच्या कपातीची घोषणा केली व तीव्र विरोधानंतर ती मागे घेतली. पुढील वर्षी वैमानिकांनी ‘नॅशनल एव्हिएटर्स गिल्ड’ ही संघटना स्थापिली; त्यानंतर दोघे बडतर्फ झाले. न्यायालयाची संपास मनाई असताना 8 सप्टेंबर 2009 पासून शेकडो वैमानिकांनी एकाच वेळी आजारपणाची रजा घेतली. काही दिवसांतच तडजोड होऊन बडतर्फ सहकारी कामावर परतले.

रजेचा अर्ज व्यक्तीचा, निर्णय मात्र समूहाचा. कायद्याच्या परिभाषेतील ‘संप’ टाळताना या शब्दाचा मूळ अर्थ आचरणात आला.

एप्रिल 2019 मध्ये थकलेल्या वेतनासाठी याच संघटनेने उड्डाणे थांबविण्याचा इशारा दिला. परंतु 17 एप्रिलला कंपनीचीच सेवा बंद पडली. काम असेल तरच ते थांबविता येते. शिडे उतरविणे वा टाळे लावणे तेथे निरर्थक ठरले. थकबाकीसाठी न्यायालयात झगडणाऱ्यांपाशी उरला तो ‘संप’ या शब्दाचा जुना अर्थ.